घराच्या कागदांतील शब्द
(ग्रंथालयाच्या सभासदांपुढे झालेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



लष्करातील ज्या चौकाला सारे शहर ‘महाराज बाडा’ म्हणते, त्याच्या नावातच आजच्या विषयाचे बीज आहे. हिंदीत ‘बाडा’ म्हणजे गुरे कोंडण्याचे आवार. मराठीत ‘वाडा’ म्हणजे देवडी, चौक, ओसरी, माजघर आणि परसू यांचे मिळून झालेले पिढीजात घर. मराठी शब्द हिंदी जिभेवर गेला, वकाराचा बकार झाला, तरी अर्थ आपला जागचा हलला नाही. शब्द बदलून अर्थ टिकला तर नुकसान कोणाचेच होत नाही. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात मात्र पुष्कळदा याच्या उलट घडते. शब्द ओळखीचा असतो आणि अर्थ भलताच निघतो.

‘फेरफार’ हा शब्द घ्या. पुण्यातील तलाठ्याच्या दप्तरात फेरफार म्हणजे हक्कात झालेल्या बदलाची रीतसर नोंद. ग्वाल्हेरच्या कचेरीत कोणी ‘कागजात में फेरफार’ म्हणाला, तर ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम लबाडीची शंका येईल. तेथे ज्याला फेरफार म्हणतात त्याला येथे ‘नामांतरण’ म्हणतात. तेथील सातबारा तो येथील खसरा, तेथील मोजणी ते येथील सीमांकन, तेथील वाटप तो येथील बंटवारा, तेथील बक्षीसपत्र ते येथील दानपत्र. मराठीत ज्याला विसार म्हणतात तो येथे बयाना होतो. ‘कुळ’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, हा मराठी अर्थ येथील बाबूस ठाऊक असण्याचे कारण नाही. ‘कुलमुखत्यार’ या शब्दातील ‘कुल’ आणखी तिसराच. तो फारसीतून आलेला असून त्याचा अर्थ ‘सर्व’ असा आहे. घराण्याच्या कुळाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही.

हा केवळ शब्दकोशाचा विनोद असता तर त्यासाठी व्याख्यानाची गरज नव्हती. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेस आपली छावणी कायम केली आणि तिचेच लष्कर शहर झाले. सरदार, शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य अशी मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली. निंबाळकरांची गोठ, फालका बाजार, पाटणकर बाजार, शिंदे की छावनी ही नावे अजून जिभेवर आहेत. त्या वस्तीतील घरांचे मालक आज एका छताखाली नाहीत. एक भाऊ लष्करात, दुसरा इंदुरास, बहीण पुण्यास, पुतण्या अमेरिकेत, अशी स्थिती घरोघरी आहे. वाडा जुना झाला आहे, डागडुजीला पैसा नाही, आणि दाराशी विकासक उभा आहे. अशा वेळी ज्या कागदावर सही मागितली जाते त्यावरील एका शब्दाचा अर्थ न कळल्याने चौथ्या पिढीचे घर जाऊ शकते. नात्यांचे जे होते त्याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नसतो.

प्रथम ‘हिस्सा’ या शब्दाकडे वळणे इष्ट. समजा, एका गृहस्थाने स्वतःच्या कमाईने बांधलेला वाडा आहे आणि ते १९६२ साली मृत्युपत्र न करता निवर्तले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी. सर्वसाधारण समज असा, की त्या काळी मुलीला काही मिळत नसे. तो हक्क २००५ साली आला. हा समज चूक आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे आणि मुलगी यांचे हिस्से त्याच दिवशी सारखे झाले. चौघांस प्रत्येकी एक चतुर्थांश. पुढे आई निवर्तली, तिचा चौथा हिस्सा तीन अपत्यांत गेला आणि प्रत्येकाचा एक तृतीयांश झाला. त्यानंतर वडील मुलगा पत्नी व दोन मुले मागे ठेवून गेला. त्या तिघांचे प्रत्येकी एक नवमांश. या साऱ्या काळात बहिणीचा एक तृतीयांश तिने न मागताही शाबूत आहे.

मग गोंधळ कशामुळे झाला? त्याच अधिनियमात एक तेविसावे कलम होते. कुटुंब राहत असलेल्या घरात स्त्री-वारसाला हिस्सा असला, तरी पुरुष वारस वाटणी करीत नाहीत तोवर तिला ती मागता येत नसे. हक्क होता, तो वेगळा काढून घेण्याची मुभा नव्हती. मागता येत नाही ते आपले नाहीच, असे घरोघरी मानले गेले आणि दोन पिढ्या त्या समजुतीवर निघून गेल्या. २००५ च्या दुरुस्तीने ते कलम रद्द झाले. याच दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद केले, आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा यांच्या खटल्यात स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना मात्र त्यामुळे धक्का लागत नाही.

येथे ‘वडिलोपार्जित’ हा शब्दही जपून वापरला पाहिजे. बोलण्यात आजोबांकडून आले ते सारे वडिलोपार्जित. कायद्यात तसे नाही. बापाने स्वतः मिळवलेली आणि १९५६ नंतर त्याच्या मृत्यूने मुलाकडे वारसाने आलेली मिळकत ही त्या मुलाची स्वतंत्र मिळकत ठरते. नातवाला तीत जन्माने हक्क येत नाही. ‘आजोबांच्या वाड्यात माझा जन्मसिद्ध हिस्सा’ हे वाक्य म्हणूनच कधी खरे असते आणि कधी निव्वळ आवेशाचे.

आता हिस्सा ‘अविभक्त’ आहे म्हणजे काय? एक नवमांशाचा मालक म्हणजे माडीवरच्या एका खोलीचा मालक नव्हे. जोवर वाटणी झालेली नाही तोवर प्रत्येक विटेत त्याचा नववा भाग आहे. तो आपला हिस्सा विकू शकतो का? विकू शकतो. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने एक शहाणपणाची आडकाठी घातली आहे. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा परक्याने विकत घेतला, तर त्याला घरात येऊन इतरांबरोबर राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावावा. त्याने दावा लावला की १८९३ च्या विभाजन अधिनियमानुसार कुटुंबातील भागीदार न्यायालयाकडून किंमत ठरवून घेऊन तो हिस्सा स्वतः विकत घेऊ शकतो. वारसांपैकी एकजण वारसाने आलेला हिस्सा विकू लागला, तर इतर वारसांना अग्रहक्काची तरतूद १९५६ च्या अधिनियमातही आहे. एका भावाला गाठून त्याचा हिस्सा स्वस्तात घ्यायचा, आणि मग ‘आता आम्ही घरात आलोच आहोत’ असे इतरांना भिववायचे, हा मार्ग जुना आहे. ज्या कुटुंबाला ही दोन कलमे ठाऊक असतात ते सहसा भीत नाही.

यानंतरचा शब्द ‘नामांतरण’. ‘निगम में नाम चढ़ गया’ हे वाक्य ग्वाल्हेरात समाधानाने उच्चारले जाते. नगर निगमाच्या संपत्तिकराच्या वहीत किंवा तहसिलीच्या खसऱ्यात नाव आले, म्हणजे मालकी आली, अशी दृढ समजूत आहे. वस्तुतः ही नोंद कर कोणाकडून वसूल करावा यासाठी असते. मालकी तिने मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकवार सांगितले आहे. वडिलांच्या मागे सोयीसाठी थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लावले, तर तो एकटा मालक झाला नाही. बहिणीचे नाव वहीत नाही, म्हणून तिचा हिस्सा बुडाला नाही. याची दुसरी बाजूही आहे. नोंद मालकी देत नसली, तरी खरेदीदार, बँक आणि विकासक प्रथम तिच्याकडेच पाहतात. म्हणून सर्व वारसांची नावे वेळीच लावून घेणे हिताचे.

नामांतरणासाठी इतर वारसांची संमती मागतात, आणि या ठिकाणी सर्वाधिक घात होतो. संमतीपत्र वेगळे आणि ‘हक त्याग’ वेगळा. मराठीत त्याला हक्कसोडपत्र म्हणतात आणि शब्दच सारे सांगून जातो. हक्क सोडला की तो परत येत नाही. ‘नुसती सही करून दे, नाव लावायचे आहे’ असे सांगून जो कागद पुढे येतो, त्याचे शीर्षक वाचावे. मुद्रांक किती रुपयांचा आहे ते पाहावे. नोंदणीसाठी उपनिबंधकाकडे बोलावले असेल तर का बोलावले ते विचारावे. स्थावरातील हक्कसोड नोंदणीशिवाय पक्की होत नाही. मायेने, समजून-उमजून बहिणीने भावाला हक्क सोडून दिला तर त्यात गैर काही नाही. न समजता सोडला, तर ती माया नव्हे. ही गोष्ट भावांनीही ध्यानात घेतली पाहिजे.

घर कोणाच्या जमिनीवर उभे आहे, हा प्रश्न ग्वाल्हेरात विशेष महत्त्वाचा आहे, कारण संस्थानी काळाचे पदर अजून सुटलेले नाहीत. जहागीर, इनाम, माफी असे निरनिराळे हक्क होते. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत अस्तित्वात आला आणि १९५१ च्या कायद्यांनी जहागिऱ्या व जमीनदाऱ्या संपल्या. खुदकाश्त जमीन, खासगी विहिरी आणि घरे मात्र जुन्या धारकांकडे राहिली. १९५९ च्या भू-राजस्व संहितेने ‘भूमिस्वामी’ हा शब्द आणला. महाराष्ट्रात त्याच्या जवळचा शब्द ‘भोगवटादार’. तेथे भोगवटादारांचे वर्ग आहेत आणि वर्ग दोनच्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध आहेत, हे पुण्याकडे जमीन घेऊ पाहणाऱ्या ग्वाल्हेरकराने विसरू नये. या महसुली कायद्याच्या तंट्यांचे शेवटचे ठिकाण असलेले मध्य प्रदेशाचे राजस्व मंडळ १ नोव्हेंबर १९५६ नंतर ग्वाल्हेरातच आले. त्यामुळे सबंध राज्याचे जमिनीचे वाद या शहरात येत असतात आणि शहरातील लोक मात्र त्या शब्दांना बिचकतात.

‘नझूल’ हा असाच एक शब्द. मुळाशी अरबी ‘उतरणे’ हा अर्थ; व्यवहारात शहरातील सरकारी मालकीची बिनशेतीची जमीन. तिच्यावर घर बांधलेल्याकडे ‘पट्टा’ असतो. घर त्याचे, जमीन सरकारची, आणि पट्ट्याला मुदत असते. वार्षिक रक्कम ते ‘भू-भाटक’, आरंभी एकरकमी द्यावयाची ती ‘प्रब्याजि’. हा दुसरा शब्द ऐकून व्याजाचा भास होतो, पण तो प्रीमियमचा सरकारी अवतार आहे. विकत घेताना जमीन फ्री होल्ड की लीज होल्ड, आणि लीज असल्यास नूतनीकरण केव्हा झाले, हे विचारल्याविना बयाना देऊ नये.

‘माफी’ या शब्दाचे ओझे सर्वांत जड आहे. संस्थानाने देवस्थानांना सारामाफीच्या जमिनी दिल्या. पूजाअर्चा चालवणारी कुटुंबे, त्यांत मराठी कुटुंबेही आली, पिढ्यान्‌पिढ्या त्या जमिनीवर राहिली. पुजाऱ्याचा हक्क कोणता, हा वाद दीर्घकाळ चालला. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातीलच एका प्रकरणात निर्णय दिला की जमिनीची मालक देवता होय. पुजारी हा व्यवस्थापक आहे, भूमिस्वामी नव्हे. मंदिराच्या आवारातील घर विकण्याचा वा गहाण टाकण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांनी ‘आम्ही दोनशे वर्षे येथे राहतो’ एवढ्यावर विसंबू नये. राहणे हा एक शब्द आहे आणि मालकी हा दुसरा.

गहाणाविषयी जुन्या मराठीची संपत्ती मोठी आहे. जमीन धन्याकडेच राहते ते नजरगहाण, सावकाराच्या ताब्यात जाते ते कब्जेगहाण. आणि वरून विक्री, आतून कर्ज अशी ती ‘शर्तीची खरेदी’. पैसे ठरल्या मुदतीत फेडल्यास मिळकत परत, नाहीतर विक्री पक्की. या प्रकारात किती घरे बुडाली याची गणती नाही. १९२९ च्या दुरुस्तीपासून नियम असा आहे, की परत देण्याची शर्त विक्रीच्याच दस्तात लिहिलेली असली पाहिजे. नपेक्षा तो व्यवहार गहाण मानला जात नाही. तोंडी शब्दावर किंवा वेगळ्या चिठ्ठीवर विसंबणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. गहाण सोडविण्याची मुदत तीस वर्षांची आहे. कपाटात असा एखादा कागद असेल तर त्याची तारीख आजच पाहावी.

विक्रीच्या पायऱ्या तीन. विसार म्हणजे इराद्याची खूण. ‘विक्रय अनुबंध’ किंवा साठेखत हे पुढे विक्री करण्याचे वचन. त्याने मिळकतीत हक्क उत्पन्न होत नाही, असे १८८२ चा अधिनियम स्वच्छ सांगतो. खरेदीखत, येथील भाषेत ‘रजिस्ट्री’, झाले म्हणजे मालकी जाते. या तीन पायऱ्यांना वळसा घालून साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा त्रिकूट कागद करून घरे विकण्याची रीत उत्तरेत फोफावली होती. २०११ साली सूरज लॅम्प या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याने मालकी जात नाही असे ठरवले. परदेशातील वारसाकडून मुखत्यारपत्र मागवायचे असेल, तर ते तेथील नोटरी किंवा भारतीय वकिलातीसमोर झालेले असावे आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर येथील मुद्रांक लावून घ्यावा. मुखत्यार देणारा निवर्तला की सामान्यतः मुखत्यारपत्रही संपते. नंतर त्याच्या बळावर केलेली विक्री म्हणजे कज्ज्याला निमंत्रण.

भाड्याच्या बाबतीत ‘अकरा महिने’ हा मंत्र झाला आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट. परंतु ज्यांचा पुण्यात फ्लॅट आहे त्यांना ती तेथे उपयोगी नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक केले. ती जबाबदारी घरमालकाची. भाडेपट्ट्याने जागेत हक्क मिळतो, लायसन्सने केवळ वापरण्याची परवानगी मिळते. इतका मोठा फरक आणि दोहोंना बोलण्यात एकच शब्द : भाडे!

मापांविषयी थोडक्यात. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. येथील बिघ्याचे वीस बिस्वे. मात्र बिघा प्रांतोप्रांती लहानमोठा असल्याने दस्तात हेक्टर किंवा चौरस मीटर लिहिलेले पाहावे. फ्लॅट, ज्याला मध्य प्रदेशाच्या कायद्याने ‘प्रकोष्ठ’ असे भारदस्त नाव दिले आहे, तो विकताना कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप असे तीन आकडे सांगतात. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने, म्हणजे रेराने, व्याख्या दिली ती कार्पेटची. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, उघडी गच्ची वगळून आणि आतल्या भिंती धरून जे वापरायचे क्षेत्र ते कार्पेट. दर त्यावरच विचारावा. नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास त्याच अधिनियमाने मनाई केली आहे.

परंतु वाडेवाल्यांनी एक मेख लक्षात ठेवावी. जमीन पाचशे चौरस मीटरपर्यंतची असेल, किंवा सदनिका आठपर्यंतच असतील, तर प्रकल्पाची रेराकडे नोंदणी सक्तीची नाही. गल्लीबोळातील पुष्कळ वाडे नेमके या मापात बसतात. वाडा पाडून चार मजले उठवू म्हणणारा विकासक या देखरेखीबाहेर राहू शकतो. तेव्हा ‘विकास अनुबंधा’तच मुदत, भागीदारांना मिळावयाचे कार्पेट क्षेत्र, दरम्यानचे भाडे आणि काम रखडल्यास होणारी भरपाई हे सारे लिहून घेणे प्राप्त आहे. तो करार सर्व हिस्सेदारांच्या सह्यांनी आणि नोंदणीने झालेला असावा. एका हिस्सेदाराने परस्पर केलेल्या करारावर बाकीच्यांचा वाडा पाडता येत नाही.

वहिवाट या शब्दासाठी हिंदीत तोडीचा शब्द सापडत नाही. बोळातून जाण्यायेण्याचा, पन्हाळीचे पाणी शेजारच्या बखळीत सोडण्याचा, खिडकीतून उजेड घेण्याचा उपभोग वीस वर्षे उघडपणे, हक्क म्हणून आणि अखंड चालला की कायदा त्याला मान देतो. याउलट, दुसऱ्याच्या जागेवर बारा वर्षे उघड, मालकाचा हक्क नाकारून ताबा ठेवणे हा विरोधी कब्जा. सरकारी जागेला तीस वर्षे. परगावी राहणाऱ्या वारसांनी वर्षातून एकदा वाड्यावर जाऊन यावे, कराची पावती आपल्या नावे घ्यावी, बखळीला कुंपण घालावे. देखरेखीस ठेवलेल्या माणसाचा ताबा परवानगीचा आहे हे एका साध्या लेखाने नोंदवून ठेवावे.

शेवटी कागदांविषयी. नवे दस्त आता संगणकावर होतात. मध्य प्रदेशात ‘संपदा’ या व्यवस्थेची दुसरी आवृत्ती २०२४ साली आली. परंतु लष्करातील घरांची मुळे त्यापूर्वीच्या कागदांत आहेत आणि त्यांतील कित्येक मोडी लिपीत आहेत. वाचता येत नाही म्हणून ते रद्दीत गेले, वाळवीने खाल्ले, वाटणीच्या वेळी कोणालाच नकोसे झाले. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून न्यायालयापुढे आला, तर त्यावरील सही-शिक्का खरा असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. साक्षीदार हयात असण्याची गरज राहत नाही. ‘योग्य ताबा’ म्हणजे ज्या घराचा कागद त्या घरी, त्याच्या वारसाकडे. असे कागद लॅमिनेट करू नयेत, घडीवर घडी घालू नये. सुती कापडात सपाट ठेवावेत. जाणत्या वाचकाकडून त्यांचे देवनागरीत लिप्यंतर करून घेऊन एक प्रत प्रत्येक हिस्सेदाराला द्यावी, सासरी गेलेल्या मुलींनाही.